पितळी चाकाचं तेल

तेल हातात आलं की मिस्त्रीचाचा आधी ते अंगठा आणि बोटात चोळायचे, मग डोळे मिटायचे. कुणी विचारलं, तर डोळे न उघडताच म्हणायचे, "घाई नोको करू बे. त्याले बोलू दे." तेल काय बोलायचं ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही. उन्हात ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकाचं बोलणं मात्र ऐकू यायचं.

मेहकराहून डोणगावकडे जाताना त्यांचं मोटारदुरुस्तीचं पत्र्याचं छप्पर लागे. मी एका तरुण वकिलांचा ड्रायव्हर. तालुक्यात मोटारी मोजक्याच, त्यामुळे माझं तिथं जाणं-येणं. चाचा तेव्हा साठीचे असतील. गाडीखाली शिरताना "या अल्ला" म्हणायचे आणि बाहेर येतानाही "या अल्ला". दुसरा जास्त लांब असे. अशी थकलेली, तरी काम न सोडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

वकीलसाहेबांनी नागपूरला एका गोऱ्या अंमलदाराची जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन माणसांची, बुटकी, लाल. साहेब ती स्वतः चालवत, आणि जोरात चालवत. मला तिच्यात जागाच नव्हती; धुणं-पुसणं तेवढं माझ्याकडे आलं. महिन्याभरात मागून घूं-घूं आवाज यायला लागला.

चाचांनी मागच्या आसावरची डिफरन्शिअलची पेटी उघडली. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते त्या पेटीत असतात आणि ते सतत तेलात बुडालेले लागतात. आतलं मोठं चाक पितळी होतं. चाचा बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले.

"याले एरंडेल लागते," ते म्हणाले.

साहेब हसले. "मिस्त्री, एरंडेल पोरांच्या पोटाला देतात. हे बघा." त्यांनी नागपूरहून आणलेला डबा पुढे केला. काळपट, घट्ट, गंधकाच्या वासाचं नवं तेल. "दुकानदार म्हणाला, वेगाच्या गाडीला हेच."

"लोखंडाच्या दात्याले चालत असन. पितळेले खाते हे, साहेब. चार दिवस द्या मले. दाखवतो."

त्यांनी पितळेची एक जुनी किल्ली वाटीभर त्या तेलात टाकली आणि वाटी कोळशाच्या शेगडीवर ठेवली. दिवसभर विस्तव मंद राखत बसले. बाकीची कामं तशीच पडून. तिसऱ्या दिवशी साहेबांना बुलढाण्याला कोर्टात जायचं होतं. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. साहेब मला म्हणाले, "ओत रे ते डब्यातलं."

मी ओतलं, पेटी बंद केली. आवाज थांबला. साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

चौथ्या दिवशी चाचा किल्ली घेऊन साहेबांच्या घरी आले. ती काळी पडली होती, कडांना बारीक खड्डे. साहेब अशिलांच्या घोळक्यात होते. "ठेवून जा," म्हणाले. त्यानंतर रस्त्यात भेटले की चाचा एवढंच विचारायचे, "तेल बदलवलं का बे?" मी "नाही" म्हणून पुढे निघायचो. पुढे पुढे मी तो रस्ताच टाळू लागलो.

सात-आठ महिने गेले. साहेब मलकापूर स्टेशनावरून बाईसाहेबांना आणि तान्ह्या बाळाला घेऊन येत होते. राजूर घाटाच्या चढावर इंजिन नुसतंच गुरगुरलं आणि गाडी मागे घरंगळू लागली. ब्रेक पुरे पडेनात. कडेच्या दगडाला चाक अडलं म्हणून तिघं वाचली.

निरोप आला तसे मी आणि चाचा प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं बुलढाण्याला निघालो. वाटेत मी सांगितलं, "चाचा, ते तेल मीच ओतलं होतं."

"मले माहीत हाये." ते म्हणाले. "तू नोकर माणूस. चूक माही. एक बोल्ट काढून खिशात टाकला असता, तं गाडी हाललीच नसती."

बैलांनी ओढून आणलेली गाडी एका ओळखीच्या वकिलांच्या अंगणात उभी होती. चाचांनी पेटी उघडली. दाते पार गेलेले, तळाशी पितळेचा चुरा. साहेब मान खाली घालून उभे होते. चाचांनी चुरा पाहिला, मग बाईसाहेबांच्या खांद्यावर झोपलेलं बाळ पाहिलं, आणि तिथंच मातीत बसून रडले. दमलेला माणूस रडतो तसे, आवाज न करता.

नवं चाक मुंबईहून यायला अडीच महिने लागले. एरंडेल चाचांनी स्वतः घाण्यावरून आणलं, दोनदा फडक्यातून गाळलं. साहेबांनी विचारलं, "किती दिवसांनी बदलायचं, चाचा?" त्यांना चाचा म्हणताना मी साहेबांना पहिल्यांदाच ऐकलं.

"महिन्याले. एरंडेल चिकट होते. मी येत जाईन ना."

आणि ते येत राहिले. लढाई सुरू झाली, पेट्रोल कुपनावर गेलं, गाडी विटांवर चढवून ठेवली, तरी येत. आत तेल चिकटून दाते धरू नयेत म्हणून मागचं चाक हातानं फिरवत.

"काऊन त्रास घेता चाचा? गाडी तं उभीच हाये," मी म्हणायचो.

"उभी हाये. मेली नाही ना?"

मग एका महिन्यात ते आले नाहीत. लेक त्यांना सुलतानपूरला घेऊन गेली होती. मी भेटायला गेलो. खाटेवर टेकून बसले होते. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख पटली की नाही कळेना. लेकीनं कोमट पाण्यानं त्यांचे हात धुतले, पुसले, आणि चहाची बशी हातात दिली. इतक्या वर्षांत त्यांची नखं स्वच्छ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बशी एका अंगाला कलली. मी खालून हात लावला, आणि चहा संपेपर्यंत तसाच धरून बसलो.