कोशाच्या पाखरांचा दीड महिना

माझं लग्न झालं त्या वर्षी, पावसाळा लागताच घरात टांगलेल्या कोशांच्या माळांतून पाखरं निघू लागली. तळहाताहून मोठी, पंखांवर काचेसारखे गोल ठिपके. मी त्यांच्यापुढे पानं ठेवली, तर सासू हसली.

"खातील कायनं? त्यायले तोंडच नसते."

जोड्या जमायच्या, माद्या अंडी घालायच्या आणि आठवडाभरात पाखरं मरून जायची.

अंड्यांतून अळ्या निघाल्या तसे माझे मालक त्या घेऊन जंगलात गेले. आमचा कोसा, म्हणजे रानचं रेशीम, घरात वाढत नाही. त्याला उघड्यावरचं येनाचं, म्हणजे ऐनाचं, झाड लागतं, नाहीतर अर्जुनाचं. पक्षी, मुंग्या, गांधीलमाशा अळ्यांवर टपून असतात, म्हणून राखणीला माणूस लागतो. चांगला दीड महिना. तोवर बाईनं तिकडे फिरकायचं नाही, हा घरचा नेम. सासरे रोज डबा पोचवायचे.

मालकांचा एक सदरा खुंटीला होता. सासू धुवायला मागायची. मी म्हणायची, उद्या धुते.

एक दिवस सासऱ्यांना ताप भरला. सासू म्हणाली, "पळसापाशी डबा ठेव अन् ये. पुढं पाय टाकू नको."

मी डबा ठेवला, पण परतले नाही. थोड्या वेळानं मालक गुलेल घेऊन आले. दाढी वाढलेली. वीस पावलांवर थांबले.

"तू? बाबाले काय झालं?"

"ताप हाय. उतरून राहिला."



"अळ्यायनं तिसऱ्यांदा कात टाकली," ते म्हणाले.

"जेवता ना बरोबर?"

"भाजीत मीठ कमी रायते."

"मीच करते भाजी," मी म्हणाले.

ते इतक्या मोठ्यानं हसले की झाडावरचे बगळे उडाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मूठभर मीठ जास्त टाकलं. डबा चाटूनपुसून परत आला.

असे सात-आठ हंगाम गेले. मग येन तुटत गेले, अड्याळच्या बाजारात कोसा दिसेनासा झाला, आणि आम्ही नुसते धानावर राहिलो. ते रोज घरी. तरी आषाढात माझे डोळे वाटेकडे जायचे.

एकदा धानाच्या रोवणीत ते मला पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या देत होते. मी म्हणाले, "तुमी जंगलात रायत होते, तवा बरं होतं."

ते रागावले नाहीत.

"मले बी तसंच वाटते कधी कधी," म्हणाले, आणि पुढची पेंढी माझ्या हातात दिली.