बिडाचा मॅनिफोल्ड आणि माझं तोंड

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या घरात कोणीही सांगेल. धाकट्या भावाचं उटनूरला गॅरेज आहे. मी मास्तर. शाळा पार जंगलातल्या गावात, वाटेत घाट, नाले, खड्डे, सगळंच. जुनी डिझेल गाडी घेतली तेव्हापासून तिचं दुखणंखुपणं तोच बघायचा. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो तेल प्यायला लागला तेव्हाही मी त्याच्याकडेच गेलो. फक्त त्याआधी महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते, तिथंच माती खाल्ली.

मला चांगला मोठा टर्बो हवा होता. शिवाय इंजिनातला जळका धूर गोळा करून टर्बोत सोडणारा मॅनिफोल्ड असतो, तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काढून चकचकीत स्टीलच्या नळ्यांचा बसवायचा होता. धूर मोकळा वाहतो, ताकद वाढते, वजन कमी होतं, असं मी त्याला वर्गात शिकवावं तसं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, टर्बो मूळच्यापेक्षा थोडाच मोठा घे, फार मोठा उशिरा जागा होतो आणि घाटात गाडी रडते. मॅनिफोल्ड बिडाचाच राहू दे. टर्बोचं सारं वजन त्याच्यावर लटकतं, आपल्या रस्त्याच्या दणक्यांनी नळ्यांचे जोड तडकतील.

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण बाजूला चार गिऱ्हाईकं चहा पीत बसली होती, आणि त्यांच्यासमोर धाकटा मला समजावत होता, हे माझ्या डोक्यात गेलं.

"नववी नापास माणसानं मले शिकवू नये," मी म्हणालो.

त्यानं हातातला पाना पुसून ठेवला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. मी शहरात जाऊन मला पाहिजे ते बसवून आणलं. सपाट रस्त्यावर गाडी झकास पळायची. घाटात मात्र दुसऱ्या गियरवर रखडायची आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. इंजिन अजून रुळायचं आहे, असं मी बायकोला सांगायचो. भाऊजीले फोन काऊन नाही करत, एवढंच ती विचारायची. दोन महिने मी केला नाही. त्यानंही केला नाही. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, तेही बंद झालं. खरं सांगतो, रविवारचा घास गोड लागत नव्हता. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शेवटी एक दिवस घाटाच्या तोंडाशीच टरटर आवाज सुरू झाला, मागून काळा धूर, गाडीला ओढच नाही. दोर बांधून ती त्याच्याच दारात आणावी लागली. त्यानं बोनेट उघडलं. नळीच्या जोडावर बारीक भेग, भोवती काजळी. "सांगितलं होतं," एवढंही तो म्हणाला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. जुना बिडाचा मॅनिफोल्ड डिकीत पडून होता. तो त्यानं घासला, तपासला, आणि थोडासाच मोठा टर्बो आणून दोन दिवसांत सगळं बसवून दिलं.

मी घाट चढून उतरून आलो. गाडीनं कुठंच कुरकुर केली नाही. गॅरेजात तो एकटाच होता. माझं चुकलं, मी म्हणालो.

"एकट्याले नव्हता बोलला, दादा," तो म्हणाला. "चार लोकायसमोर बोलला."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळपासून त्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो. ती चारही गिऱ्हाईकं रोजचीच, चहाच्या वेळेला जमली. मी उठलो. यांच्यासमोर मी माझ्या भावाला नववी नापास म्हणालो होतो, त्याचंच बरोबर होतं, मी त्याची माफी मागतो, असं सगळं एका दमात बोलून टाकलं.

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. भाजीचा टेम्पोवाला म्हणाला, "कवा बोलले होते सर? मले तं याद नाही." बाकीच्यांनाही आठवत नव्हतं.

भाऊ इंजिनात वाकलेला होता. मान वर न करता तो टेम्पोवाल्याला म्हणाला, "मंगळवार होता. तुमी बिस्कुट चहात बुडवून राह्यले होते."