चालू ठेव वं

फाटकाशी थांबून, पिशवी खांद्याला अडकवून, ते आमच्या पोर्चमधल्या दिव्याकडे बोट दाखवायचे. ऊन अंगणात उतरून बराच वेळ झालेला असायचा. "काहून जळून राहिला गा तो?" बस, एवढंच. आवाजात राग नसायचा. घरातून कोणीतरी जाऊन बटण बंद करायचं आणि ते पुढच्या फाटकाकडे वळायचे.

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांची सगळी नोकरी उमरेडच्या कोळसा खाणीत झाली होती. निवृत्तीनंतर आमच्या शेजारी लहानसं घर बांधून ते आणि काकू राहायला आले. विजेचा विषय निघाला की म्हणायचे, "कोळसा कसा निघते ते मी पाह्यलं ना भाऊ. माणूस खड्ड्यात उतरते, तवा तुमचा पंखा फिरते."

गल्ली हसायची. काकाजी वळणावर दिसेनासे झाले की पोरं मुद्दाम दिवा पुन्हा लावायची. त्यांना ते ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा वर यायचंच.

त्यांच्या घरी मात्र उन्हाळ्याची शिस्त पाहण्यासारखी होती. होळी झाली की काकाजी गच्चीला चुना मारत. खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या चढत. सकाळी ऊन तापायच्या आत दारं-खिडक्या बंद, जाड पडदे ओले. दिवेलागणीला गच्चीवर पाणी शिंपून दोघं तिथेच अंथरूण टाकत. भर मे महिन्यात त्या घरात पाऊल टाकलं की डोळ्यांना गारवा लागायचा. कूलर होता, पण तो पाहुण्यांसाठी. काकू हसून म्हणायच्या, "तुमी आले म्हणून त्याले हवा खायले भेटली."

तुमच्या-आमच्या डोळ्यांदेखत नागपूरचा उन्हाळा बदलला. पूर्वी दिवस भाजायचा, पण पहाटे गच्चीवर चादर ओढून घ्यावी लागायची. आता पहाटही उकडते. काकाजींच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर उंच इमारत उभी राहिली आणि तिच्या सगळ्या एसींच्या मशिनी काकाजींच्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. दिवसभर त्यांची गरम हवा भिंतीवर आदळायची. काकाजींनी चुन्याचा आणखी एक हात दिला, पडदे अधिक वेळा भिजवले. घर काही निवेना.

त्यातच काकूंच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, यांना उष्णता सोसणार नाही, खोली थंड ठेवा. काकाजी तिथून निघाले ते थेट दुकानात गेले. संध्याकाळी एसी भिंतीवर होता. गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. कोणीतरी थट्टेने विचारलंही, "काकाजी, आता कोळसा नाही का जळत?" ते म्हणाले, "जळू दे ना बापा."

पण काकूंना ते जमेना. काकाजी भाजीला गेले की त्या एसी बंद करत आणि फाटक वाजलं की लावत. एकदा मी तिथे असताना त्या पकडल्या गेल्या.

"चालू ठेव वं," काकाजी म्हणाले.

"एकट्या बाईसाठी एवढी मशीन?" काकू म्हणाल्या. "तुमीच त जन्मभर सांगतलं."

"ते दुसऱ्यायले सांगतलं."

"मी घरचीच होती ना, मलेबी ऐकू येत होतं."

दोघंही हसले. मीही हसलो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात काकूंनी हट्ट धरला, वर्षाचं तिखट भिवापुरी मिरचीचंच हवं. काकाजी पहाटेच्या एसटीने भिवापूरला निघाले, जेवणाच्या वेळेपर्यंत परतायचं म्हणून. येताना उमरेडच्या पुढे बस बंद पडली. दुसरी मिळायला उशीर झाला. दुपार कलताना ते चौकात उतरले, तेव्हा मी तिथेच होतो. मिरचीचं पोतं मी हातात घेतलं आणि आम्ही सोबत घरी आलो.

दार उघडलं तर आत भट्टी. खिडक्या घट्ट बंद होत्या. पडदे भिजवले होते, ते वाळून कडक झाले होते. एसी बंद. पंखासुद्धा बंद. काकू खाटेवर होत्या, अंगावर ओला केलेला पदर, तोही सुकलेला. काकाजींनी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

दवाखान्यात त्यांनी रात्र काढली आणि सकाळी गेल्या.

काकाजी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. रडत नव्हते. त्यांची मुलगी उमरेडहून निघाली होती, तिची वाट पाहत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गल्लीत कोणी माझं ऐकलं नाही गा. दिवे लावतच होते सारे. तिनंच ऐकलं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने चिंब होता.

काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मुलगी त्यांना सोबत न्यायला निघाली, पण ते गेले नाहीत. एसी काढायला माणूस बोलावला. आम्हाला वाटलं, डोळ्यांसमोर नको असेल. तो त्यांनी गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या, दम्याने बेजार असलेल्या आजींच्या खोलीत लावून दिला. आजी नको म्हणत होत्या. काकाजींनी ऐकलं नाही. बिलाचीही सोय करून दिली.

गेल्या उन्हाळ्यात ते भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून निघायचे. ज्या घरात म्हातारं माणूस आहे किंवा आजारी, तिथे दार वाजवायचे. "कूलर चालू हाय ना? पाणी हाय का त्यात?" आत येऊन स्वतः पाहायचे. एका घरी मुलगा कुरकुरला, काकाजी, तुम्हीच तर बंद करायला लावायचे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "रिकाम्या खोलीले वारा लागत नाही गा. माणसाले लागते." आजींच्या खोलीत तर ते रोज थोडं बसत. बोलणं फारसं नसे. आजी माळ ओढत, काकाजी भिंतीकडे बघत.

आम्ही म्हणायचो, काकाजी, तुम्ही स्वतः एवढ्या उन्हात नका फिरू. स्वतःच्या घरी त्यांनी काय केलं होतं, ते एकदा पाहिलं. काकूंची खाट होती तिथेच होती. ते दुसऱ्या खोलीत, जमिनीवर, उघड्या खिडकीखाली निजत. कूलरला फडकं बांधलेलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

थंडीत ते आजारी पडले. या वेळी मुलीचं ऐकून उमरेडला गेले. तिथेच वारले. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता पुन्हा उन्हाळा आहे. परवा दुपारी कामावरून लवकर परतलो, तर आजी खोलीबाहेर पायरीवर, भिंतीच्या अरुंद सावलीत बसल्या होत्या. चेहरा लालबुंद. एसी बंद होता. म्हटलं, "आजी, आत चला. मशीन का बंद केली?"

त्या गल्लीकडेच बघत होत्या.

"तो माणूस येऊन बसत होता बाबा," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी लावाले जीव होत नाही."