पाटीला घातलेला हार

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनत. मी तिथलं ऑफिस सांभाळत असे. नव्वदच्या दशकात सगळीकडे क्वालिटी सर्टिफिकेटचं वारं आलं. सल्लागाराने साहेबांना सांगितलं, कंपनीचं व्हिजन आणि मिशन शेडच्या भिंतीवर हवं, आणि तेही कामगारांना कळेल अशा मराठीत. काम माझ्याकडे आलं.

इंग्रजी मसुद्यात उत्कृष्टता आणि जागतिक दर्जा होता. तो बिस्किटांच्या कारखान्यालाही चालला असता. म्हणून मी आमचं असं एक वाक्य घातलं : 'ठाण्यातल्या याच जागेत, याच माणसांना बरोबर घेऊन आम्ही वाढू.'

जेवणाच्या सुट्टीत कामगारांना वाचून दाखवलं. "पोचायचं कुठं ते व्हिजन, त्यासाठी रोज करायचं काय ते मिशन."

"म्हंजे वसई ते व्हिजन आन् वल्हं मारनं ते मिशन," खाडीकाठच्या कोळीवाड्यातून येणारा आमचा फिटर म्हणाला.

"आणि तू होडीत घोरतोस ते काय रे?" शेजारच्याने विचारलं. सगळे हसले.

सुट्टी संपल्यावर फिटर माझ्या टेबलापाशी आला. थोरल्या भावाची आणि त्याची मिळून एक होडी होती. भावाला एकट्याला ती झेपत नव्हती. नोकरी सोडून ये, नाही तर विकून टाकू, असं तो म्हणत होता.

"ताई, कारखाना हितंच ऱ्हाणार, हे साहेबांचं बोलनं का तुमचं?"

"माझं. साहेबांनी अजून वाचलेलं नाही."

साहेबांनी वाचलं आणि तेवढंच वाक्य खोडलं. "पाटी लहान आहे."

"मोठी करून घेऊ."

"नको. सुटसुटीत बरं दिसतं."

मी फिटरला जसंच्या तसं सांगितलं. होडी विकायची घाई करू नकोस, असंही म्हटलं. त्याने मान हलवली.

मग खंडेनवमी आली. मशीनं धुतली, पुसली, लेथला झेंडूचे हार चढले. कुणीतरी नव्या पाटीलाही हार घातला, हळदकुंकू लावलं आणि साहेबांच्या हातात नारळ दिला. साहेबांनी तो पाटीपुढे फोडून हात जोडले. एवढी माणसं बघत असताना दुसरं काय करणार होते? पण दुपारपर्यंत शेडभर झालं, साहेबांनी नारळ फोडून शब्द दिला, कारखाना इथंच राहणार.

"अरे, तो शब्द पाटीवर नाहीच," मी फिटरला पुन्हा सांगितलं.

"ताई, नारल फोडून कोन खोटं बोलतं का?"

दिवाळीआधी होडी गेली.

पुढे दोनेक वर्षांनी कारखानाही गेला, गुजरातच्या हद्दीत. सोबत चार-पाचच माणसं नेली. फिटर त्यांच्यात नव्हता. आता तो दुसऱ्यांच्या होडीवर जातो. ते वाक्य पाटीवर राहिलं असतं तरी कारखाना गेलाच असता, हे मला कळतं. तरी वाटतं, मी ते लिहून वाचून दाखवायला नको होतं. नसतं ऐकलं, तर नारळात त्यांना ते सापडलंही नसतं.

नंतर एकदा खोपटच्या एसटी स्टँडवर तो भेटला. "पाटी हाय का अजून?" त्याने विचारलं.

होती. शेडमध्ये आलेल्या नव्या कंपनीने वरचं नाव तेवढं बदलून घेतलं होतं. खालचा मजकूर तसाच चालला.