कंपायलरचे हाडवैरी

जगातल्या एकूण एक संकटांचं मूळ कंपायलरमध्ये आहे, असं छातीठोक सांगणारा माणूस म्हैसुरात एकच, आणि माझं नशीब असं की नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. घराणं जुन्या संस्थानात शिपाईगिरीला आलेल्या मराठ्यांचं. त्यामुळे मराठी निम्मी कानडी आणि भांडण पूर्ण लष्करी. कंपायलर बिचारा आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. पण काका त्याच्याबद्दल बोलायचे ते जमीन लाटलेल्या चुलतभावाबद्दल बोलावं तसं. "नोडम्मा, बघ, हा शहाणा आपलं सगळं ऐकतो आणि करतो स्वतःला हवं तेच. वर म्हणतो, काम लवकर केलं!"

चोर धरायची त्यांची रीत एकच: निम्मं करायचं. निम्म्या फायली जुन्या कंपायलरमधून काढायच्या, निम्म्या नव्यामधून. ज्या निम्म्यात दुखणं, त्याचे पुन्हा दोन भाग. इथपर्यंत ठीक. पण हा गृहस्थ घरीही तेच करी. गोकुलम भागात त्यांच्या घराच्या माडीवर योग शिकायला आलेली एक परदेशी बाई राहायची. तिचं पोट बिघडलं, तर डॉक्टर राहिला बाजूला, काकांनी तिच्या जेवणाचे दोन भाग पाडले. एक दिवस नुसती इडली, दुसऱ्या दिवशी नुसती चटणी. तिसऱ्या दिवशी बाई घर सोडून गेली आणि बरी झाली. "चटणीच होती, अल्वा? हो ना?" असं काका आम्हाला महिनाभर विचारत होते.

आमची कंपनी दुधातलं फॅट मोजायची यंत्रं करते. मी तेव्हा प्रोबेशनवर, आणि उत्साहाच्या भरात नवा कंपायलर मीच आणला. आठवड्यात बेट्टदपुरच्या दूध केंद्रातून फोन आला: सकाळी पहिल्या माणसाने आणलेल्या दुधाचं जे फॅट येतं, तेच नंतर सगळ्यांना येतंय. गाय असो, म्हैस असो, यंत्राला सारखीच! मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर तुम्ही तुमच्या साताऱ्याला परत जा." मी साताऱ्याच्या गाड्यांची वेळापत्रकं बघायला लागले. काकांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "सांगत होतो मी!" म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या.

चार दिवस ते निम्मं निम्मं करत, कंपायलरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसले. शुक्रवारी एकच फाईल उरली आणि काकांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. मी डोकावले. नव्या कंपायलरने विचार केला होता, हा फॅटचा आकडा इथे कोणी बदलत नाही, मग पुन्हापुन्हा वाचायचा कशाला? एकदाच वाचला. तो बाहेरून, यंत्राकडून बदलतो हे एका शब्दात सांगायची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची, आणि तो शब्द तिथे नव्हता. जुना कंपायलर भोळा, दरवेळी वाचायचा, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं झाकली गेली. फाईलच्या वरती लिहिणाऱ्याचं नाव होतं काकांचंच.

काकांनी अहवालात 'चूक कंपायलरची' एवढंच लिहिलं असतं तर मॅनेजरांना काय कळणार होतं? खापर नवा कंपायलर आणणारीवर, म्हणजे माझ्यावर फुटलं असतं. काका उठले, तडक केबिनमध्ये गेले. "तप्पु नंदे, सर. चूक माझी. ह्या पोरीचं काही नाही."

माझी नोकरी टिकली. पण त्या दिवसापासून काकांनी कंपायलरला एक शिवी घातली नाही, आणि ऑफिस अगदी अळणी झालं. आता ते निवृत्त आहेत. परवा एक प्रोग्राम अडला, तेव्हा मी मुद्दाम फोन करून म्हटलं, "काका, कंपायलरचाच हात दिसतोय!"

 काका हळूच म्हणाले, "आधी आपलं बघ, अम्मा."

मी फोन ठेवला. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्या हो, काका.