इथं लग्न नाही, आत या

गेटवर झुंबर लटकवलेलं, लॉनवर पाणी मारलेलं, बिअर हवी तशी थंडगार, साफे बांधलेले वेटर हात मागं घेऊन उभे, आणि गिऱ्हाईक? शून्य. म्हणजे अगदीच शून्य नाही. एका टेबलावर माझी बायको सुनंदा आणि मुलगी अनू लिंबूसोडा पीत बसल्या होत्या. त्यांना गिऱ्हाईक म्हणायचं असेल तर म्हणा.

रस्त्यावर गाड्यांची कमी नव्हती. प्रत्येक गाडी गेटपाशी आली की हळू व्हायची. काच खाली यायची. आतली मंडळी डोकावून बघायची, आपसात काहीतरी कुजबुजायची आणि गाडी पुढं. संध्याकाळभर हाच खेळ. माझा घसा कोरडा पडला होता, आणि समोर पिंपभर बिअर असून ती घ्यायची इच्छा होईना.

मी तेव्हा एका बिअर कंपनीत सेल्स ऑफिसर होतो. मूळचा साताऱ्याचा, बदल्या होत होत जयपूरला पोचलेला. विद्याधर नगरात भाड्यानं राहायचो. घरमालक कांदासुद्धा न खाणारे, म्हणून त्यांना 'पेयांच्या कंपनीत आहे' एवढंच सांगितलं होतं. खोटं थोडंच होतं?

त्या वर्षी आमच्या कंपनीनं जयपुरात ड्राफ्ट बिअर आणली. ड्राफ्ट म्हणजे बाटलीतली नव्हे, नळातून मगमध्ये ओततात ती. ती केगमध्ये येते. केग म्हणजे स्टीलचं पिंप. त्याला गॅसची नळी जोडतात आणि वाटेत बिअर गार करणारं मशीन असतं. मशीन नीट नसलं तर मगमध्ये नुसता फेस. पण खरी कटकट वेगळीच. केग एकदा उघडला की तो चार-पाच दिवसांत संपवावा लागतो, नाहीतर चव जाते. म्हणजे ड्राफ्ट बिअर तिथंच चालते जिथं माणसं भरपूर येतात आणि निवांत बसतात. मोकळी हवा, झाडं, खाली हिरवळ. थोडक्यात, बिअर गार्डन.

आमचे रीजनल मॅनेजर खन्ना साहेब दिल्लीत बसायचे. त्यांचा फोन आला.

"निकम, शहर बाहर की तरफ भाग रहा है. नई कॉलनियां, यंग फॅमिलीज. मुझे वहां एक अच्छा बिअर गार्डन चाहिए. एक! इसी सीझन में."

"सर, बघतो."

"देखो मत, ढूंढो. नहीं तो गुवाहाटी में पोस्ट खाली है."

खन्ना साहेब चेष्टा करत नसत. अनू दहावीला होती. घरी सांगितलं तर सुनंदा म्हणाली, "गुवाहाटीला तुम्ही खुशाल जा. पोरीची परीक्षा होईपर्यंत मी जयपूर सोडत नाही." एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली. आमच्या घरात विषय असाच संपतो.

मग दर रविवारी सुनंदा आणि मी स्कूटरवर. वैशाली नगर संपलं की पुढं सिरसी रोडला तेव्हा नुसती बांधकामं चालली होती. विटांचे ढीग, पाण्याचे टँकर, आणि मधेच एखादी चकचकीत कॉलनी. 'गार्डन' नावाची ठिकाणं पुष्कळ होती हो! एका ठिकाणी गार्डन म्हणजे पाच कुंड्या. दुसरीकडं हिरवं प्लास्टिकचं गवत, त्यावर चालताना पाय भाजायचे. एक जागा फार छान होती, गर्द कडुनिंब आणि काय वारा! पण शेजारी हनुमानाचं मंदिर. आम्ही हात जोडले आणि पुढं निघालो. बाकीचे सगळे काळ्या काचांचे बार. आत बाप्ये असे बसलेले, जसे सुतकाला आलेत.

सुनंदा बिअरला शिवत नाही, पण तिची परीक्षा सोपी होती. स्कूटरवरून न उतरताच सांगायची, "मी इथं बसणार नाही. चला." सुरुवातीला मला राग यायचा. मग डोक्यात शिरलं की खन्ना साहेबांना फॅमिली पाहिजे, आणि फॅमिली कुठं बसणार हे घरातली बाईच ठरवते.

शेवटी ती एका जागी स्कूटरवरून उतरली. छोटं हॉटेल, पुढं ऐसपैस लॉन, कडेनं जुनी शिरीषाची झाडं. मालक सुभेदार शेखावत, फौजेतून रिटायर झालेले, मूळचे सीकरकडचे. हॉटेलला बारचं लायसन होतं, पण बार मागच्या अंधाऱ्या खोलीत. पुढचं लॉन म्हणजे मॅरेज गार्डन. लग्नासाठी भाड्यानं द्यायची बाग. जयपूरच्या बाहेरच्या भागात अशा बागा रांगेनं आहेत.

माझी ट्यूब पेटली. आपल्या आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीला उठतात, आणि तोवर तिकडं एक लग्न लागत नाही. म्हणजे एवढी सुंदर बाग त्या काळात ओस. त्यात श्रावणात कोणी पीत नाही, आणि पुढं पितृपंधरवडा, मग नवरात्र. बिअरवाल्याला पंचांग भटजीपेक्षा पाठ असावं लागतं! पण तिकडचा श्रावण राखीलाच संपतो, आणि मधे एक तुकडा उरतो. ऊन उतरलेलं, हवा धुतलेली. तेवढा मला पुरेसा होता.

सुभेदार साहेब तयार झाले. एक्साइजवाल्यांनी लॉन मोजून परवानगी दिली. "सजावट मुझ पर छोड़ दीजिए," सुभेदार म्हणाले, आणि मी गाढवासारखा सोडली.

माणसाकडं जे सामान असतं तेच तो लावणार ना? गेटला फुलांची कमान, लाल गालिचा, झुंबर, झाडाझाडावर लाइटच्या माळा. थर्माकोलचं भलंमोठं 'स्वागतम्'. कंपनीचा बॅनर लावता येत नाही, दारूच्या जाहिरातीला बंदी. 'बिअर' हा शब्द गेटवर लिहायला सुभेदार तयार नव्हते. "शरीफों का इलाका है," म्हणाले. शिवाय त्यांची मुलगी किरण, कॉलेजात शिकणारी, हौसेनं ठेवणीतला पोशाख घालून गेटवर स्वागताला उभी राहिली.

आणि त्या संध्याकाळी कोणी आलं नाही.

शेवटी न राहवून मी रस्त्यावर गेलो. स्कूटरवर एक गृहस्थ बायकोसह थांबून आत बघत होते. मी अदबीनं म्हटलं, "आइए ना, भाईसाब."

"नहीं जी," ते ओशाळून म्हणाले, "हमारे यहां कार्ड नहीं आया."

"कसलं कार्ड?"

"शादी का!" मागून बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "देव सोये हुए हैं और सुबेदार साब बेटी ब्याह रहे हैं? ऐसी क्या जल्दी पड़ गई?"

बोंबला! जयपुरात रोषणाई केलेली बाग म्हणजे लग्न, आणि बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या लग्नात पाऊल टाकतील तर ती जयपूरची माणसं कसली. आता हे लग्न देव झोपलेले असताना म्हटल्यावर सगळ्या कॉलनीला भलताच वास आला होता.

सुभेदारांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. किरणला हसू आवरेना. "पापा, दूल्हा कौन है, यह तो पूछ लेते!" ती म्हणाली. सुभेदार मात्र खुर्चीत मटकन बसले.

"माळा काढून टाकू," मी म्हटलं.

"पागल हैं आप? आज बत्ती हटाई तो लोग कहेंगे, चुपचाप फेरे करवा दिए."

झालं. माळा ठेवल्या तर लग्न, काढल्या तर उरकलेलं लग्न. आणि खन्ना साहेब दुसऱ्या दिवशी दिल्लीहून यायचे होते, बाग बघायला. परतताना सुनंदा अनूला म्हणाली, "गुवाहाटीत दहावीला कुठली पुस्तकं असतात गं?" हसत म्हणाली, पण मला ते लागलं. पोरगी उन्हाळ्यापासून घासून अभ्यास करत होती. रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी बागेत पोचलो तर गेटसमोर एक जीप उभी. तिच्यातून साफे उतरत होते, एकामागून एक. गावाकडून सुभेदारांचे नातेवाईक आले होते. बातमी आदल्याच रात्री फोनवरून गावात पोचली होती. सगळ्यात पुढं सुभेदारांचे काका. सगळे त्यांना काकोसा म्हणत. पांढऱ्या मिशा, केशरी साफा, हातात काठी.

"छोरी कठै है?" काकोसा गरजले. मुलगी कुठाय?

किरण पळत आली आणि पाया पडली. म्हाताऱ्यानं तिच्या कपाळाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं. ना कुंकू, ना मेंदी. मग सुभेदारांनी घाम पुसत सगळी कथा सांगितली. काकोसा माझ्याकडं वळले.

"आप हैं वो?"

"जी. पेयांच्या... बिअर कंपनीत आहे," मी म्हटलं. त्या मिशांपुढं मला अर्धसत्य बोलायचा धीर झाला नाही.

"बिअर!" काकोसा म्हणाले. "उसके लिए झूमर?"

मला वाटलं, आता काठी बसणार. तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी हळू झाली. काच खाली आली. एका बाईंनी डोकं बाहेर काढून आत बघितलं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या कानात काही सांगितलं. बस्स! काकोसा तडक गेटबाहेर गेले आणि गाडीपुढं काठी आडवी धरून उभे राहिले.

"उतरो!"

"जी?" गाडीतला माणूस घाबरला.

"यहां शादी नहीं है. किसी की शादी नहीं है. अंदर आओ, अपनी आंख से देख लो. मंडप है? फेरे हैं? पंडित है? चलो, देखो!"

त्या म्हाताऱ्याला नाही म्हणायची कोणाची टाप होती! नवरा, बायको, दोन पोरं, मुकाट उतरून आत. काकोसांनी त्यांना अख्खी बाग हिंडवून दाखवली. झाडामागं दडवलेला नवरदेव तेवढा निघायचा बाकी होता. मग पाहुणा आत आला म्हटल्यावर त्याला तसाच कसा जाऊ देणार? राजपुताच्या दारात मनुहार ठरलेली. म्हणजे आपल्याकडं पंगतीत आग्रह करतात ना, तसा आग्रह, पण दसपट. बसवलं त्यांना. पोरांना सरबत आलं, भजी आली. नवऱ्यानं इकडं तिकडं बघत हळूच एक मग मागवला. बायको खुर्चीत रेलून म्हणाली, "हवा कितनी अच्छी है यहां." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

तोवर काकोसांनी दुसरी गाडी अडवली होती. मग तिसरी. जीपमधल्या बाकीच्या मंडळींनी दोन्ही बाजूंचा रस्ता वाटून घेतला. "शादी नहीं है! अंदर आकर देख लो!" अब्रूचा प्रश्न होता, त्यामुळं एकालाही सोडत नव्हते. कालचे स्कूटरवाले गृहस्थही बायकोसह सापडले. आज ते कार्डाशिवाय आत आले. अंधार पडेस्तोवर बाग भरली आणि वेटरांची धावपळ सुरू झाली. नळावरचा माणूस ओरडला, "साब, दूसरा केग लगाऊं?" इतका गोड प्रश्न मला नोकरीत पुन्हा कोणी विचारला नाही.

एवढ्यात आणखी एक गाडी आली. काकोसांनी ती अडवली, दार उघडलं आणि आतल्या सूटवाल्या माणसाचा दंड धरला.

"शादी नहीं है. चलो अंदर."

खन्ना साहेब होते. दंड धरलेल्या अवस्थेतच त्यांनी बाग पाहिली. झाडांखाली बसलेल्या बायका, लॉनवर पळणारी पोरं, फेसाळलेले मग. मग दंड धरणाऱ्या काकोसांकडं नीट निरखून पाहिलं.

"निकम," ते म्हणाले, "यह बुजुर्ग कौन सी एजन्सी के हैं?"

"घरके हैं, सर."

"इन्हें दिल्ली भेज सकते हो?"

मी काकोसांकडं पाहिलं. ते एका ट्रकवाल्याला खाली उतरवत होते. म्हटलं, "सर, आप ही पूछ लीजिए." खन्ना साहेबांनी विचारलं नाही. गुवाहाटीचाही विषय पुन्हा काढला नाही. सुनंदा लांबून माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली तशी तिनं अनूला जवळ ओढलं आणि पदरानं डोळे टिपले. मग मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मी पहिल्यांदा उतरले होते हं स्कूटरवरून, लक्षात ठेवा."

गावी परतताना काकोसांनी एक घोट बिअर चाखली, तोंड वाकडं केलं आणि भरलेला मग तसाच परत दिला. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी पेंटरकडून पाटी करून घेतली आणि 'स्वागतम्'च्या जागी लावली: 'यहां शादी नहीं है, पधारिए.' पुढं त्या भागात बागेचं नावच 'शादी नहीं है' पडलं. रिक्षावालेही तेच म्हणायचे.

अनूनं दहावी जयपुरातच दिली. काही वर्षांनी आमची बदली नागपूरला झाली, आणि तिथं एक दिवस लग्नपत्रिका आली. किरणचं लग्न, देव उठल्यानंतरचा पक्का मुहूर्त, त्याच बागेत. आम्ही तिघंही गेलो. तीच कमान, तेच झुंबर. ती पाटी उतरवलेली, आणि तिच्या जागी खुर्ची टाकून काकोसा बसलेले. आता जास्त थकले होते, पण रस्त्यानं कोणी हळू झालं की काठी वर व्हायचीच.

"आओ, आओ! इस बार सच्ची है!"

आणि लोक कार्ड नसताना येत होते. धंद्यात इतकी वर्षं घालवून मी एवढंच शिकलो: माळा कितीही लावा, माणूस आत येतो ते कोणीतरी दंड धरून बोलावल्यावर. त्या रात्री बागेत हजारभर माणूस जेवलं. बिअर मात्र एक मगही खपली नाही. लग्नात दारू चालणार नाही, असं काकोसांनी आधीच बजावलं होतं.