पाच वाजताचं ऊन

आमच्याकडे जत्रेत कुत्र्यांच्या शर्यती असत. कुत्री एकेक करून पळायची आणि पंच स्टॉपवॉच धरायचे. पंचांचा अंगठा आपल्या गावच्या कुत्र्यासाठी लवकर पडतो म्हणून दरवर्षी भांडणं. शेवटी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस समितीनं ठरवलं, वेळ यंत्रानं मोजायची. सुटायची फळी उघडली की घड्याळ सुरू; शेवटच्या रेषेवर आडवा सोडलेला प्रकाशाचा किरण कुत्र्यानं तोडला की बंद. समितीतला याद्या करणारा माणूस म्हणून यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं.

कोल्हापुरातल्या एका रेडिओ मिस्त्रींनी दोन नमुने करून दिले. पहिल्यात दिवा आणि त्याचा किरण टिपणारा डोळा एकाच डब्यात, समोर आरसा. दहा मिनिटांत उभा राहायचा. दुसऱ्यात डोळा वेगळा, उन्हाला आडोसा म्हणून पत्र्याच्या लांब नळीत बसवलेला. तो जुळवायला तास जायचा.

"सायेब, पाच वाजता मैदानावर लावून बघा की," मिस्त्री म्हणाले. "तवा ऊन सरळ डोळ्यात शिरतंय, किरण तुटला तरी त्याला कळत न्हाई."

माझ्या यादीत होतंच ते : अंतर, उंची, बॅटरी, धूळ, ऊन. मी कामावर जाण्याआधी, सकाळी आठला, आरशाचा नमुना मैदानावर लावला. पाच वेळा सायकल नेली, पाचही वेळा घड्याळ थांबलं. 'ऊन'पुढे खूण केली आणि तोच नमुना घेतला.

शर्यतीच्या दुपारी सगळं सुरळीत चाललं. पश्चिमेला कडुलिंबाचं झाड होतं, त्यामागं सूर्य होता. शेवटची पाळी शिरोळकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कुत्रीची. तिच्या तोंडाचे केस पांढरे झाले होते.

"औंदा शेवटचं पळणं हिचं," ते मला म्हणाले. "एकदा गुलाल पडू दे अंगावर, मग बसंल दारात."

तोवर सूर्य फांद्यांखाली उतरला होता. कुत्री बाणासारखी रेषेपार गेली. घड्याळ चालूच. तिला धरायला आजोबा धावत डोळ्यासमोरून गेले आणि त्यांच्या सावलीनं ते थांबलं. त्या वेळेनं कुत्री तिसरी आली.

"आरं, कुत्री गेली, मागनं मी गेलो! घड्याळ माझ्यावर थांबलं की!"

"म्हातारंच पळालं म्हणा की शर्यतीत!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

मीही घड्याळ चालू राहिलेलं पाहिलं होतं. पण पहिल्याच वर्षी यंत्र चुकलं म्हटलं असतं तर पुन्हा अंगठ्यांचा कारभार आला असता, आणि निवड माझी होती. मी म्हणालो, "आजोबा, यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र ऱ्हाऊ दे. तू बोल की खरं."

मी बक्षिसांची यादी वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता एकटाच मैदानावर गेलो. किरणातून नुसती सायकल ढकलून दिली. घड्याळ थांबलं नाही. पुन्हा ढकलली, तरी नाही. वहीत लिहिलं : नळीचा नमुना आणणे. आजोबांकडे जाणे. पहिलं काम आठवड्यात झालं. दुसरं मी नव्या यादीत उतरवत राहिलो; शिरोळला कामानं दोनदा जाऊनही.

पुढच्या जत्रेला ते आले, कुत्री नव्हती. "गेली पावसाळ्यात," एवढंच म्हणाले. मग वाकून पत्र्याची नळी बोटानं चाचपली.

"ही गेल्या साली नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो. "धुळीसाठी बसवलीय."